अड्यारच्या हिवाळ्यातील परसबाग
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून परसबागेसारखा घरगुती विषय मांडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. गौरवाच्या प्रसंगी इमारती, निकाल आणि पारितोषिके यांचा उल्लेख होतो. वाफे, खत आणि बियाणे यांचा सहसा होत नाही. तथापि शाळा आणि बाग यांचे नाते जुने आहे, आणि परमुलखात जाऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाला ते विशेष जवळचे आहे. या भाषणासाठी निवडलेले उदाहरण चेन्नईतील अड्यार या भागाचे आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाचे काम करीत दक्षिणेच्या शहराशहरांत पसरले. त्यांच्या मागोमाग नोकरी-शिक्षणासाठी कितीतरी कुटुंबे तिकडे गेली. घर बदलले तरी मागच्या अंगणात, नाहीतर निदान गच्चीवर, दोन वाफे करण्याची सवय पुष्कळांनी सोडली नाही. त्या वाफ्यांनी त्यांना पहिला धडा दिला तो पंचांगाचा.

महाराष्ट्रातील माणसाच्या मनात हिवाळ्याचे एक ठरलेले चित्र असते. हस्ताचा पाऊस सरला, भोंडला-हादग्याची गाणी थांबली की आकाश निवळते. जमिनीत ओल असते, सकाळी दव पडते आणि रब्बीची पेरणी सुरू होते. परसात मेथी, मुळा, गाजर, पालक, कोथिंबीर, घेवडा, वाल, वांगी अशी भाज्यांची रेलचेल होते. येथे चिंता असते ती पाण्याची आणि कडाक्याच्या थंडीची. नाशिककडचे द्राक्षबागायतदार पारा खाली उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, संध्याकाळी पाणी देतात. कारण ओल्या जमिनीत उष्णता अधिक काळ टिकते. हिवाळा म्हणजे कोरडी हवा आणि पाटाचे पाणी, हे समीकरण या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पक्के झाले आहे.

अड्यारला ते समीकरण नेमके उलटते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्राला भिजवतो, पण सह्याद्रीच्या पलीकडील तामिळ किनाऱ्याला त्याचा लाभ थोडाच होतो. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून बराच अधिक भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पुण्यात लोकरीचे कपडे बाहेर निघतात त्या दिवसांत अड्यारमध्ये छत्र्या उघडतात. जानेवारीच्या ऐन थंडीतही तेथील पहाटेचे तापमान सामान्यतः वीस-एकवीस अंशांच्या आसपास असते. दोन्ही ठिकाणचा महिना एकच, परंतु एकीकडे माळी वाफ्यात पाणी आणण्याच्या खटपटीत असतो, तर दुसरीकडे ते वाफ्यातून बाहेर काढण्याच्या.

महाराष्ट्रातून नव्याने गेलेली गृहिणी दिवाळीच्या सुमारास सवयीने मेथी आणि कोथिंबीर पेरते. चार दिवसांत मेथीचे अंकुर दिसतात, आठव्या दिवशी धो-धो पाऊस येतो आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुजून आडवी होतात. दोष बियांचा नसतो, हाताचाही नसतो. सतत ओल्या राहणाऱ्या मातीत बुरशी वाढते आणि रोपाच्या कोवळ्या देठाला बुंध्याशीच गाठते. महाराष्ट्रातील रोपवाटिकांतही हा रोग माहीत आहे. शेजारच्या तामिळ आजीबाईंकडे मात्र यावर पिढीजात उत्तर असते. त्यांची मुख्य पेरणी आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत झालेली असते. आडीचा हंगाम शोधून पेर, अशा अर्थाची म्हण तामिळनाडूत लहान मुलांनाही ठाऊक असते. आडीत लावलेली वांगी, भेंडी, अवरै म्हणजे घेवड्याचे वेल पावसाळा सुरू होईपर्यंत मूळ धरून उभे राहिलेले असतात. मुसळधार पावसाला कोवळा अंकुर तोंड देऊ शकत नाही. वाढलेले झाड देऊ शकते.

अड्यारच्या मातीचेही दोन स्वभाव आहेत. समुद्राकडील बेझंट नगर आणि तिरुवान्मियूरच्या बाजूला ती रेताड आहे. नदीकडे आणि आत सरकावे तसा चिकणमातीचा अंश वाढतो. रेताड मातीत पाणी साचत नाही, पण पाऊस तिच्यातील पोषक द्रव्ये धुऊन खाली नेतो. चिकण माती अन्न धरून ठेवते, पण मुळांचा श्वास कोंडते. म्हणून तेथील जाणते माळी दोन्ही ठिकाणी एकच उपाय वेगवेगळ्या कारणांनी करतात : भरपूर कुजलेला पालापाचोळा आणि शेणखत. रेतीत ते स्पंजासारखे काम करते. चिकण मातीत ते कणाकणांमध्ये हवेला वाट करून देते.

अशा बागेचा हिवाळा महिन्यांच्या क्रमाने पाहिला तर त्यातील श्रमाचे स्वरूप स्पष्ट होते. सप्टेंबरअखेर वाफे वीतभर उंच केले जातात आणि त्यांच्या भोवती उतार धरून चर काढले जातात. शेवग्याच्या लांबलेल्या फांद्या छाटल्या जातात, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळात तेच प्रथम मोडते. ऐप्पसी आणि कार्तिगै, म्हणजे मध्य ऑक्टोबर ते मध्य डिसेंबर, हे राखणीचे महिने. या काळात नवे फारसे काही करायचे नसते. चर तुंबला नाही ना हे पाहणे, वेलांचे मांडव बांधून घेणे, रात्री कंदील घेऊन गोगलगायी वेचणे आणि ओल्या वाफ्यात पाऊल न टाकणे, एवढीच कामे उरतात. यांतील शेवटचे काम सर्वांत अवघड, कारण ते न करण्याचे काम आहे. चिंब माती पायाखाली दबली की तिच्यातील पोकळ्या मिटतात, आणि ती पूर्ववत होण्यास पुष्कळ काळ लागतो. उत्साही माणसाला हे पथ्य पाळणे कठीण जाते.

डिसेंबरच्या मध्यात मार्गळी लागतो. पावसाचा जोर ओसरतो, पहाटे धुके उतरते, दारोदारी तांदळाच्या पिठाचे कोलम रेखले जातात. अड्यारच्या बागेचा खरा मोसम आता सुरू होतो. टोमॅटोच्या फुलाला रात्रीचा उकाडा सोसत नाही. फूल गळते, फळ धरत नाही. वर्षातील या दोन-अडीच महिन्यांत मात्र रात्री पुरेशा सुखावह असतात, म्हणून टोमॅटो याच काळात भरतो. पांढरा मुळा, राजगिऱ्याच्या जातीच्या पालेभाज्या आणि मेथीसुद्धा आता जगते. दिवाळीत मेलेली मेथी मार्गळीत हिरवीगार होते, ही एवढीशी गोष्ट परमुलखात गेलेल्या माणसाला पुष्कळ काही शिकवून जाते. बी तेच असते, माणूस तोच असतो. वेळ मात्र त्या भूमीला विचारून ठरवावी लागते.

मार्गळीत वैकुंठ एकादशीचा उपवास येतो आणि द्वादशीच्या पारण्याला अगत्तीची पालेभाजी करण्याचा तेथे प्रघात आहे. ही अगत्ती म्हणजे महाराष्ट्राचा हादगा. याच महिन्यात तिरुवादिरैच्या दिवशी सात भाज्यांचे कालवण रांधले जाते. त्यात भोपळा, सुरण, रताळे, कच्ची केळी, घेवडा, पावटा असे परसातले सारे येते. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी महाराष्ट्रात भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. त्याच दिवशी तामिळ घरांतही ‘भोगी’च असते आणि दुसऱ्या दिवशी पोंगल. सणाचे नाव एक, त्यामागील जाणीव एक : हिवाळ्याने दिलेले सगळे एका भांड्यात आणून कृतज्ञतेने वाटून खाणे. आदानप्रदान बियाण्यांच्या पातळीवरही झाले आहे. तामिळनाडूतील पेरियाकुलम येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने विकसित केलेली ‘पीकेएम-१’ ही शेवग्याची जात आज महाराष्ट्रातील अवर्षणग्रस्त भागातील शेतकरी आवर्जून लावतात. माणसे दक्षिणेला गेली. बियाणे उत्तरेला आले.

परंतु अड्यारच्या हिवाळ्याचे वर्णन इतक्या सुखावर थांबवता येत नाही. २०१५ सालच्या नोव्हेंबरात चेन्नईत एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तलाव काठोकाठ भरले होते. १ डिसेंबरला पुन्हा अतिवृष्टी झाली. जवळच्या तांबरम येथे एका दिवसात ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली. चेंबरंबाक्कम तलावातून सोडलेले पाणी अड्यार नदीत आले आणि एरवी संथ, क्षीण वाहणारी ती नदी दोन्ही काठांवरील वस्त्यांत शिरली. शेकडो माणसे प्राणाला मुकली, हजारो घरे पाण्याखाली गेली. अशा आपत्तीत वाफ्यांची गणती कोण करणार ! तरीही पाणी ओसरल्यावर ज्या घरांभोवती अंगण होते, तेथे एक प्रश्न उभा राहिलाच : या गाळाचे काय करायचे ?

पुराचा गाळ म्हटला की सुपीकतेची कल्पना मनात येते. शहरी नदीचा गाळ तसा नसतो; त्यात गटारांचे आणि कारखान्यांचे पाणी मिसळलेले असते. अशा वाफ्यातील उभी पालेभाजी खाण्यास योग्य राहत नाही. ती उपटून टाकावी लागते, गाळ खरवडून काढावा लागतो, माती उन्हाला उघडी ठेवावी लागते आणि ताग किंवा चवळीसारखे काही पेरून ते जमिनीतच गाडावे लागते. एक संपूर्ण हंगाम हातचा जातो. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर २०१६ रोजी, वरदा चक्रीवादळ चेन्नईवरून गेले आणि शहरातील हजारो वृक्ष एका दिवसात उन्मळून पडले. लागोपाठ दोन हिवाळे बुडाल्यानंतर बाग सोडून देणारी घरे असतील, यात नवल नाही. नवल आहे ते तिसऱ्या वर्षी आडी महिन्यात पुन्हा कुदळ हाती घेणाऱ्या घरांचे. परसबागेत पणाला लागते ती भाजी नव्हे. भाजी बाजारात मिळते. एकदा मोडलेले काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची माणसाची तयारी तेथे पणाला लागते.

या तयारीची एक साक्ष अड्यारमध्येच उभी आहे. थिऑसॉफिकल सोसायटीने १८८२ साली तेथील जागा विकत घेऊन आपले मुख्यालय केले. त्या विस्तीर्ण आवारातील वटवृक्ष सुमारे साडेचारशे वर्षांचा मानला जातो. १९८९ मधील वादळात त्याचा मूळ बुंधा कोसळला. परंतु तोवर त्याच्या पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोडे झाल्या होत्या. आज मधली जागा रिकामी आहे आणि वृक्ष जिवंत आहे. नदीच्या मुखाजवळील खाडीचीही अशीच कथा आहे. राडारोडा आणि कचरा यांनी भरून गेलेली सुमारे ५८ एकर जागा स्वच्छ करून, तेथे देशी झाडे लावून २०११ साली अड्यार पूंगा हे पर्यावरण उद्यान साकारले. पक्षी, मासे आणि कांदळवन तेथे परतले, आणि शाळकरी मुलांना निसर्ग दाखविण्यासाठी तेथे नेले जाते.

शिक्षणाच्या दृष्टीने तर अड्यारचे महत्त्व आणखी वेगळे आहे. १९३९ च्या नोव्हेंबरात डॉ. मारिया माँटेसरी अड्यारला आल्या आणि थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात त्यांनी शिक्षकांचा पहिला भारतीय प्रशिक्षणवर्ग घेतला. सुमारे तीनशे प्रशिक्षणार्थी त्यासाठी जमले होते. पुढे महायुद्धामुळे त्यांना येथेच राहावे लागले. त्या १९४६ साली परतल्या. मुलांनी रोपे आणि प्राणी सांभाळावेत, हा विचार त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच मांडला होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की पाणी घातले नाही तर रोप सुकते, हे मुलाला कोणी रागावून सांगावे लागत नाही. रोपच ते सांगते. पेरणे आणि उगवणे यांमधील काळात मूल वाट पाहायला शिकते. महाराष्ट्रात हेच बीज ताराबाई मोडक यांनी आणि अनुताई वाघ यांनी रुजवले. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे बालशिक्षण उभे केले, त्यात परिसरातील माती, पाने, बिया हीच साधने होती. परदेशी पद्धत येथील मातीला विचारून पेरली गेली, म्हणूनच ती जगली.

येथे दूरच्या एका शहराचा दाखला पालकांना उपयोगी पडेल. जर्मनीतील लाइपझिग येथे १८६४ साली हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखांनी विद्यार्थ्यांच्या पालकांना घेऊन एक संघ स्थापन केला आणि त्याला डॉ. श्रेबर या दिवंगत वैद्यांचे नाव दिले. मुलांना खेळायला मैदान मिळावे, हा संघाचा हेतू होता. काही वर्षांनी गेझेल नावाच्या शिक्षकांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी लहान लहान वाफे आखले. मुलांनी उत्साहाने पेरणी केली आणि थोड्याच दिवसांत तिकडे जाणे सोडले. वाफ्यांत तण माजले. तेव्हा पालक पुढे झाले. त्यांनी तण काढले, कुंपण घातले, आणि मुलांचे वाफे कुटुंबांचे वाफे झाले. शहरवासीयांना कसण्यासाठी जमिनीचे लहान तुकडे देण्याची प्रथा युरोपात इतरत्रही होती. पण जर्मनीत आज अशा ज्या लाखो बागा आहेत, त्यांना लोक अजूनही श्रेबरांच्या नावाने ओळखतात. या घटनेला मुलांचे अपयश म्हणणे योग्य ठरणार नाही. मुलांनी सुरुवात केली आणि मोठ्यांनी ती बुडू दिली नाही, असाच तिचा अर्थ आहे.

भारतात २०१९ साली केंद्र शासनाने शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रातील अनेक शाळांनी पोषण आहाराला जोड म्हणून वाफे तयार केले. त्यांतील काही फुलले, काही दिवाळीच्या सुट्टीत वाळले. महाराष्ट्रात हिवाळी भाजीची पेरणी नेमकी त्याच सुट्टीच्या आगेमागे येते. शाळेचे वेळापत्रक आणि मातीचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, तेथे बाग मरते. हा मेळ एकटी शाळा घालू शकत नाही. त्यासाठी पालकांनी सुट्टीतील पाण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्या लागतात. गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा फेरी मारावी लागते. आजी-आजोबांनी आपल्याकडील वालाचे, घेवड्याचे, दुधी भोपळ्याचे गावठी बियाणे राखेत घोळून, डब्यात भरून, त्यावर जातीचे नाव आणि साल लिहून शाळेत आणून द्यावे लागते. यातील कशालाही मोठा निधी लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो.

याच संदर्भात मराठी माध्यमाच्या प्रश्नाकडेही पाहता येईल. व्यंकोजीराजांच्या काळी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांनी आजही आपल्या घरांत मराठी राखली आहे. तिच्या उच्चारांत तामिळचा सूर आहे, शब्दांत जुन्या मराठीच्या खुणा आहेत. तिकडे मराठीला ना मोठ्या शाळांचा आधार होता, ना बाजाराचा. स्वयंपाकघरात, देवघरात आणि अंगाईत ती दर पिढीला नव्याने पेरली गेली, म्हणून टिकली. ती शुद्ध मराठी नव्हे, अशी नाके मुरडणारे असतीलही. परंतु अड्यारची मेथी मार्गळीत उगवते म्हणून ती मेथी नव्हे, असे कोण म्हणेल? उलट, मराठीच्या स्वतःच्या मुलखात पटसंख्या घटते आहे, तुकड्या बंद होत आहेत. भाषेचा हा कार्तिगै महिना आहे. अशा दिवसांत घाईने काही नवे पेरण्यापेक्षा चर मोकळे ठेवणे, मांडव बांधून घेणे आणि बियाणे जपणे ही कामे अधिक मोलाची असतात. मुलाशी घरी मराठीत बोलणे, रात्री एखादे पान मोठ्याने वाचणे, परगावी गेलेल्या नातवंडांना मराठीत पत्र लिहिणे, ही ती कामे होत.

साठ वर्षांपूर्वी या शाळेचे पहिले वर्ग भरले तेव्हा ज्यांनी पाया घातला, त्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांनी लावलेले काम पुढील पिढ्यांनी आपापल्या खांद्यावर घेतले आहे. महोत्सवाच्या निमित्ताने आवाराच्या दक्षिणेकडील मोकळ्या पट्टीत प्रत्येक इयत्तेला एक वाफा देण्याचा विचार झाला, तर त्याची पहिली पेरणी मुलांच्या हातून व्हावी आणि सुट्टीतील पाणी मोठ्यांनी घालावे. येत्या भोगीला त्या वाफ्यांतील भाजी शाळेच्या चुलीवर शिजावी आणि अड्यार असो वा आटपाडी, जेथे जेथे या शाळेची मुले गेली आहेत तेथून एकेक मूठ बियाणे टपालाने यावे, अशी अपेक्षा बाळगणे अवास्तव ठरणार नाही.